बंद करायचं बटण

गॅरेजात ऑईलचे डाग आणि किस्से साठत जातात. कितीही घासा, दोन्ही निघत नाहीत. आमचं गॅरेज आळेफाट्याला. तेव्हा नेटसाठी शेजारच्या सायबर कॅफेत जावं लागे, आणि फोटो-गप्पांच्या साईटवर आम्हा सगळ्यांचं अकाऊंट!

मालक नाना यावर खवळलेले. बाळूला, आमच्या सगळ्यात हुशार मिस्त्रीला, त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "अकाऊंट बंद कर, न्हाईतर उद्यापासून कामावर येऊ नको!"

मी म्हणतो, का बंद करावं? दिवसभर ट्रकखाली आडवं पडणाऱ्यानं अर्धा तास चार लोकांशी बोलूसुद्धा नये?

*

बाळूनं सोडून दाखवलं. तिसऱ्या दिवशी कॅफेत हजर!

मी विचारलं, "काय राव, सोडलं व्हतंस ना?"

"सोडलं की! पर सोडलंय ते सगळ्यांना कळवाय नको?"

चौथ्या दिवशी पुन्हा तिथंच. त्यावर कोण काय म्हणालं, ते बघायला!

*

खोडदचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "पोरं लई रिकामटेकडी तुमची."

बाळू ट्रॅक्टरखालूनच बोलला, "पावणं, तुमच्या खोडदला दुर्बिणीच्या एवढाल्या अँटेना आभाळाचं ऐकत बसल्यात, त्यांना कोण काय म्हणत न्हाई. आमी दोस्ताचं ऐकलं की रिकामटेकडे व्हय?"

*

एका ट्रकचा गिअर अडकला. नानांचे सगळे उपाय संपले. बाळू कॅफेत पळाला, कुणाला तरी विचारून आला आणि तासाभरात ट्रक रस्त्याला लागला.

"कुणी सांगितलं रं?"

"मित्रानं. लुधियानाला असतो. अजून भेटलो न्हाई."

नानांनी जाणाऱ्या ट्रककडे बघून हात पुसले. मग म्हणाले, "तरी अकाऊंट बंदच!"

*

शेवटी नानाच बाळूला धरून कॅफेत आले. मी मागोमाग.

"माझ्यासमोर बंद कर!"

बाळूनं बटण दाबलं. पण साईट सहजासहजी सोडते का! तिनं ओळखीच्या माणसांचे फोटो समोर मांडले. पहिलाच छायाचा. छाया म्हणजे नानांची मुलगी, आमच्याच वर्गातली. स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून चार वर्षं नानांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. फोटोत तिच्या कडेवर फ्रॉकातली छोटी मुलगी होती.

मला वाटलं, बाळूची नोकरी गेली.

नानांनी चष्मा पुसून परत लावला. "खाली इंग्लिशमधे काय लिवलंय?"

"छायाला तुमची आठवण येईल."

"ती म्हणती?"

"साईट म्हणती, नाना."

बाळूनं शेवटचं बटण दाबायला माउस सरकवला. नानांनी त्याचा हात धरला.

"थांब. पोरीचं नाव काय ठिवलं, इचार की तिला."