धोंड्यातला रुपया

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मंग सांगतो. कारण हे सांगताना माझे कान अजून लाल होतात.

धोंड्याच्या महिन्यात मी आष्टीला सासुरवाडीला गेल्तो. जावयाला पुरण भरलेले धोंडे वाढायचे आणि त्यातल्या एकात रुपया लपवायचा, ही आमच्या सासूबाईंची पद्धत. दर तीन वर्षांनी तो रुपया मला सापडतो आणि मी तो देव्हाऱ्यात ठेवतो. न सापडला तर? छे, असं कधी झालंच नव्हतं!

पहिला धोंडा फोडला. पुरण. दुसरा फोडला. पुरण. पाच झाले तरी रुपयाचा पत्ता न्हाई! अपशकुन नको म्हणून मी ताट पुढं केलं.

"मामी, अजून वाढा!"

"घ्या ना जावईबापू, लाजू नका!" सासूबाई एकदम खूश.

नऊ धोंडे झाले, पातेलं रिकामं झालं आणि मला दरदरून घाम फुटला. पूर्वीचा रुपया कसा जाडजूड, दाताखाली आला की डोक्यापर्यंत कळ जायची. आताचा केवढा? शर्टाच्या बटनाएवढा! तुपाबरोबर सरकन खाली गेला असणार.

"गिळला!" मी बोंबललो. "मी रुपया गिळला!"

बायको रडायला लागली. मेहुण्यानं पाठीत दोन बुक्के हाणून मला आणि तिला गाडीत कोंबलं. सासूबाई मागून काहीतरी ओरडत होत्या, पण ऐकतो कोण?

परतूरच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून बघत राहिले. माझी तर पाचावर धारण बसली. मनातल्या मनात मी पोरांचा निरोपही घेतला.

"नाणं बिलकुल नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एवढं खाल्लंय काय?"

तेवढ्यात मेहुण्याच्या फोनवर सासूबाई. त्यानं स्पीकर लावला. "आरं, रुपया घातलाच न्हाई मी! नवं नाणं लई बारीक, घशात गेलं म्हंजे? म्हणून सूनबाईला सकाळीच जावयांच्या फोनवर पैसे टाकायला लावले."

"मंग जेवताना सांगायचं ना, मामी!"

"कसं सांगू? तुम्ही धोंड्यावर धोंडा खाऊन राह्यले! मला वाटलं, माझी पोरगी घरी जेवायलाच घालत न्हाई. शेवटचे चार तर शेजारणीनं तिच्या जावयासाठी केलेले मागून आणले!"

बायकोचं रडणं थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि डॉक्टरांकडं वळली.

"डॉक्टरसाहेब, यांना उपाशी किती दिवस ठेवता येतं? जास्तीत जास्त सांगा."