विहाराच्या भिंतीवरची पोरगी

"घाई कायची व? भित कुठी पळून राह्यली का?"

असं म्हणून आबाजी एक डोळा मिटत, उजव्या हाताचा अंगठा समोर धरत आणि कोऱ्या भिंतीकडे बघत राहत. काम सांगणारा माणूस चहा पिऊन, वाटेत दोघांशी भांडून परत आला तरी यांचं बघणं चालूच. भिंत पळत नव्हती हे खरं, पण काम देणारे पळत. माय तोंडातल्या तोंडात म्हणायची, "बुढ्याले ब्रह्मदेवानं रंगवाले बसवलं असतं, तं दुनिया अजून कोरीच राह्यली असती."

आबाजी म्हणजे माझे आजोबा. दिग्रसच्या एका जिनात रुईच्या गठाणींवर काळ्या शाईनं मार्का रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं. कापसाचा हंगाम संपला की ते लोकांच्या भिंती रंगवत. लग्नघराच्या दाराशी हत्ती, पोपट, घोडे. त्यांचे घोडे जरा बैलासारखे दिसत, कारण बैल त्यांनी जवळून पाहिले होते. पण माणसाचा चेहरा काढावा तर त्यांनीच.

मी त्यांच्या हाताखाली असे. सरस शिजवायचा, गेरू चाळायचा, चुन्याची निवळी धरायची, कुंचले धुवायचे. ही कामं माझी, म्हणजे माझीच. लहान भावाला एकदा त्यांनी कुंचला धुवायला दिला, तर मी तो शेणात खुपसून ठेवला. ते शेजारणीच्या बकरीशी लाडानं बोलत, म्हणून दोन दिवस मी त्या बकरीला पाला पडू दिला नाही. हसू नका. मी जळकी होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला धक्का बसायला नको. चौदा वर्षांच्या पोरीनं एखादा माणूस आपला म्हटला की त्याची वाटणी तिला खपत नाही.

आमच्या लोकांनी धम्म घेतला त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. घरातले जुने देव गेले होते, कोनाडे रिकामे होते आणि नवं सगळं आम्ही शिकत होतो. वंदना म्हणताना वस्तीचे पंच अजून मधेच अडकत आणि मग मोठ्यानं खोकत. मातीच्या विटांची एक खोली, वर टिनं, असा आमचा विहार उभा राहिला. मूर्ती कुठून आणायची कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून भिंतीवरच बुद्ध काढायचं ठरलं. पंचांनी कुठूनसं एक कॅलेंडर पैदा केलं.

"याच्यासारखा काढा, म्हंजे चुकनार नाई."

आबाजींनी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यात त्यांनी रंगाच्या पुड्या बांधल्या.

"कसा असते थो, मले माईत आहे," ते म्हणाले.

"तुमाले कसं माईत? कुठी पायला तुमी?"

"घाई कायची?"

आठ दिवसांत बुद्ध उतरला. एका खांद्यावर चीवर, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला आणि बोटं भुईला टेकलेली. मागं काहीतरी पांढरं, पालथ्या घंटेसारखं, वर निमुळतं होत गेलेलं. पंचांनी मान वाकडी करून बघितलं.

"हे काय काढलं बावा? जिनाचं धुराडं?"

"धुराडं नोय. त्याइचं देऊळ आहे."

"कोनाचं?"

"आहे एकाचं," आबाजी म्हणाले आणि पांढरा रंग घोटत बसले.

मग त्यांनी बुद्धाच्या पायाशी एक पोरगी काढायला घेतली. गुडघ्यांवर बसलेली, हातात पाण्याचं भांडं. मी श्वास धरून उभी. मला त्यांनी समोर बस म्हटलं नाही, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी म्हटलं, बघायचं कशाला, मी तर त्यांना पाठ असेन! संध्याकाळपर्यंत घरोघरी सांगून आले की बुद्धाच्या पायाशी मी बसणार आहे. दुसऱ्या दिवसापासून तेल लावून, घट्ट वेणी घालून जाऊ लागले. न जाणो, एखाद्या वेळी वळून बघितलं तर!

गालांवर त्यांनी पिवळट पांढरे दोन गोल काढले.

"आबाजी, माह्या गालावर हे कायले?"

"राहू दे."

बायका बघायला आल्या, त्यांना तर तेवढंच हवं होतं. "अव माय, हळद लावली! बुढ्यानं नातीचं लगन ठरवलं वाट्टे!" शाळेत पोरी मला नवरीबाई म्हणू लागल्या. मी वरून चिडत होते आणि आतून फुगत होते. डोळे बारीक आले होते, नाक बसकं आलं होतं, डावी भुवई मधे जराशी तुटलेली होती. माझं असं काहीच नाही. पण म्हटलं, चुकलं असेल, घोड्यांचंही चुकतंच की.

पौर्णिमेला विहार उघडायचा होता. त्याआधी पाच दिवस नागपूरहून एक भन्ते आले. भिंतीसमोर उभे राहिले ते हलेचनात. पंच, बायका, आम्ही पोरं, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा पॅगोडा आहे," भन्ते म्हणाले. "ब्रह्मदेशात असतात असे. आणि ही मुलगीही तिकडचीच. तिथल्या मुली एका झाडाचं खोड उगाळून गालांना लावतात, उन्हासाठी. तुमच्यापैकी ब्रह्मदेशात कोण गेलं होतं?"

आबाजींचा हात थांबला. "कोनी नाई, भन्ते. चित्रात पायलं होतं." कुंचला डब्यात ठेवला आणि ते बाहेर गेले.

पॅगोडा म्हणजे काय, ब्रह्मदेश कुठं, मला काही कळलं नाही. एवढंच कळलं की भिंतीवरची ती मी नाही. अख्ख्या वस्तीत डंका पिटून बसले होते! पाठीमागून एक पोरगी फिदीफिदी हसली आणि मला वाटलं, आता ही भुई फाटेल तर बरं.

आबाजी विहारामागं बाभळीखाली बसले होते. मी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले.

"कोन आहे थे?"

घरात सगळ्यांना एकच माहीत होतं. लढाईच्या वर्षांत आबाजी नागपूरला गिरणीत होते, आणि गिरणी सोडून परत आले. गिरणीचा विषय काढला की ते उठून जात. त्या दिवशी उठले नाहीत. मीच वाट अडवून उभी होते म्हणा.

"गिरणीत नोतो मी. पलटणीत होतो. वय कमी सांगून गेलतो. बंदूक नाई देल्ली, फावडं देल्लं. सडक बांधाले बर्म्यात नेलं आमाले."

जपानी आले, पलटण मागं हटली, आणि तापानं फणफणलेले आबाजी वाटेत पडून राहिले. एका गावातल्या घरानं त्यांना उचलून आणलं आणि गोठ्यात धानाच्या तणसाखाली लपवलं. ती त्या घरची पोर. बारा वर्षांची असेल. महिनाभर ती पेज आणि पाणी आणून देत होती. एकमेकांची बोली दोघांनाही कळत नव्हती. ते कोळशानं फळीवर बैल काढून दाखवत आणि ती तोंडावर हात धरून हसे.

"मंग एक दिवस जपानी शिपाई आले. तिले इचारलं. थे दारात उभी राह्यली, मान हालवून नाई म्हने. त्याइनं तिच्या थोबाडीत मारली. दोनदा. मी तणसाखाली होतो, पाच हातावर. सारं दिसून राह्यलं होतं मले." त्यांनी बाभळीचा एक काटा उचलून मातीत खुपसला. "मी नाई निंगालो बाहेर."

कमरेवरचे माझे हात खाली आले.

"सांजेले निंगून गेलो, तिले न सांगता. पळून येणाऱ्या लोकाइच्या संगं डोंगर चढून आलो. पलटणीत परत गेलोच नाई. भगोडा झालो. तवापासून सांगतो, गिरणीत होतो."

"आता तं गोरे गेले. आता कायचा भेव?"

"साहेब गेला व. साहेबाचं दफ्तर कुठी गेलं?"

एखाद्या चांगल्या पोरीला हे ऐकून त्यांची कीव आली असती. मला काय सुचलं? मी विचारलं, "तुमी माह्यावर एवढा जीव लावता, तो तिच्यापायी का?"

सोळा वर्षं अख्ख्या गावाशी खोटं बोललेला माणूस. माझ्याशी तेवढं एक खोटं बोलायला काय झालं होतं?

"तू झाली तवा वाटलं," ते म्हणाले, "चाल, या पोट्टीले तं नीट सांभाळू."

या पोट्टीले तं! म्हणजे पहिली ती. मी नंतरची, तिची भरपाई. मला सांगा, कोणत्या नातीला हे गोड लागेल? रात्रभर उशी चावली मी. जी पोरगी जिवंत आहे की नाही हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं, तिचा मी इतका राग केला की तितका पुढं सवतीसारख्या वागणाऱ्या जावेचाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी विहारात शिरले. सरसातला रंग पाणी लागलं की सुटतो, हे मला आबाजींनीच शिकवलेलं. ओलं फडकं घेतलं आणि तिचा चेहरा पुसून टाकला. डोळे, बसकं नाक, ते दोन गोल, सगळं. चेहऱ्याच्या जागी नुसता राडा झाला.

आबाजी आले. भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या पिवळ्या हातांकडे. मी गाल पुढं करूनच उभी होते, त्यांनी मारावं म्हणून. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं, तेवढी जागा स्वच्छ पुसली आणि चुन्याचा हात दिला.

तीन दिवस ते तो चेहरा काढत होते आणि पुसत होते. डोळे यायचे ते पंचांच्या बायकोचे. नाक यायचं ते कोणाचंच नाही.

"येऊन नाई राह्यला," ते पुटपुटले. "इतके वर्स डोक्यात होता. एकदा भितीवर उतरवला अन् डोक्यातून गेला." मग माझ्याकडे वळले. आयुष्यात त्यांनी मला कधी विनवणी केली नव्हती. "तू तं रोज पायत होती व. सांग ना माय, नाक कसं होतं तिचं? भुवई कशी होती?"

मला आठवत होतं. रेघ न् रेघ आठवत होती! प्रेमानं बघणाऱ्याच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटेल, जळणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. डावी भुवई मधे तुटलेली, वरचा ओठ किंचित उचललेला, नाकाचा शेंडा हा एवढा. डोळे मिटून सांगितलं असतं.

"मले नाई आठवत," मी म्हणाले.

त्यांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि अर्ध्या दिवसात भिंतीवर माझा चेहरा काढला.

मला जे हवं होतं ते असं मिळालं. नाक माझं, डोळे माझे, एक रेघ चुकली नाही. पौर्णिमेला पंच म्हणाले, "वा! आता बराबर हुबेहूब नात दिसून राह्यली." बायकांनी माझ्या गालावरून बोटं मोडली. मी मान वर करू शकले नाही.

आबाजींनी कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. पहिल्यासारखेच ते मला कुंचले धुवायला देत, हुरड्यातला कोवळा वाटा माझ्यासाठी ठेवत. एक दिवस जरी बोलले असते, दोन थपडा दिल्या असत्या, तर फिटंफाट झाली असती. पण नाही. फक्त वंदनेला ते कधी भिंतीसमोर बसले नाहीत. पाठ टेकून दाराजवळ बसत आणि बाहेर बघत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला वारा लागतो.

काही वर्षांनी मी मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला पुसदला गेले. तिथं एका रविवारी कागद घेतला आणि तिला काढायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर ती आली. भुवई, ओठ, नाक, गालावरचे गोल, सगळं जिथल्या तिथं. सुट्टीत जाऊन आबाजींच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, घ्या तुमची पोट्टी, मले आठवत होती. शिव्या द्या नाहीतर काही करा. सुट्टीला आठ दिवस होते.

सुट्टीआधी तार आली. एसटीनं दिग्रसला पोचले तोवर माती होऊन गेली होती. अंगणात त्यांची खाट उभी करून ठेवलेली, आणि माणसं हळू आवाजात बोलत बसलेली. मी रडले नाही, नुसती भिंतीला टेकून बसले.

मायनं माझी पिशवी रिकामी करायला घेतली. कपड्यांच्या घडीतून तो कागद निघाला. तिनं तो उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं.

"हे कोन व?" ती म्हणाली. "तू तं नाई दिसत."

"नाई," मी म्हणाले. "हे आबाजीची मोठी नात."