खाटेवर वाळत घातलेलं चित्र

आमच्या काजीच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणीचं खोपटं, कुडाळच्या एका चित्रकलेच्या बाईने चित्रं काढायला मागून घेतला. शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून आली होती. मुंबईच्या प्रदर्शनात एक तरी चित्र लागलं तर ठीक, नाहीतर हा नाद सोडायचा, असं घरी कबूल केलं होतं. मला म्हणाली, "आजये, माझ्यासमोर बसशीत काय?"

सकाळी आठ ते दहा मी खिडकीपाशी बसायची. रिकाम्या हाताने मला बसवत नाही, म्हणून कोकमं फोडायला घेतली. पंधरा दिवसांनी चित्राजवळ गेले तर नुसते फटकारे. गाल हिरवा, कपाळ जांभळं.

"माझा नाक खंय गेला गो? आणि मी काय सडलंय?"

"दारात जा आणि थंयसून बघ."

दारातून बघितलं. मीच होते. लाल झालेले हात, लुगड्यावरचं ऊन, सगळं. तोंड कडू दिसत होतं. ते माझं तसंच आहे.

शनिवारी चित्र मुंबईला न्यायला कुडाळला गाडी येणार होती. गुरुवारी दुपारी बाई जेवायला गेली. मी बोट लावलं, तर रंग ओला. तेलाचा रंग कित्येक दिवस सुकत नाही, हे मला कोण सांगणार? अंगणात कोकमाची सोलं वाळत होती, तिथेच खाटेवर चित्र आडवं टाकलं. थोड्या वेळाने बघते तर कोंबडी माझ्या कपाळावरून हनुवटीपर्यंत चालत गेलेली.

ती आली आणि खाटेपाशी मटकन बसली.

"चूक माझी," मी म्हटलं. "आता बसतंय."

"सकाळचो उजेड गेलो, आजये."

"मगे उद्या बसतंय."

शुक्रवारी तिने सुरीने माझा चेहरा खरवडून काढला. मला ते बघवलं नाही. मग दोन तासांत घाईघाईने नवा रंगवला. हा आधीच्यापेक्षा बरा झाला, असं ती म्हणाली. मला दोन्ही सारखेच वाटले.

शनिवारी रिक्षात चित्र मीच धरलं, कडांना, उभं. कुडाळच्या वाटेवर कट्टा गावात रिक्षा थांबली तेव्हा बाया वाकून बघायला लागल्या.

"गो, ह्या कोण?"

"मी आसंय. हात लावू नकात, ओला आसा."