बाजेवरची लढाई

मी आयुष्यात एकच लढाई लढलो. ती बाजेवर झाली आणि बायकोकडून मी ती हरलो.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. (शेवटचा आहे हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक!) मी बोरीत मास्तर होतो. शाळेला सुट्टी, बाहेर रझाकारांची धास्ती, आणि धाकटा भाऊ माधव पैनगंगेपलीकडच्या कॅम्पात. तिथून पोरं येऊन सरकारी नाक्यांवर हल्ले करायची. माधव त्यांच्यात आहे हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं: माझे वडील तात्या, मी आणि बायको शांता. तात्यांनी आम्हाला पढवून ठेवलं होतं, "कुनी इचारलं तर मामाकडं गेलाय म्हनायचं. तिघांचं एकच उत्तर पायजे!"

दिवसभर घरात कोंडलेला माणूस काय करणार? मी रणभूमी केली. जुन्या दाराची फळी बाजेवर टाकली. टोपल्या लिंपायला शांतानं मेथ्या घालून कागदाचा लगदा कुटला होता, तो पळवून त्याचे डोंगर केले. वाळक्या घोसाळ्याच्या जाळीची झाडी, फुटक्या बांगड्यांचं कुंपण, काडेपेट्यांची घरं. त्यातल्या एका काडेपेटीवर झेंडी लावली: तो नाका! शांताच्या फाटक्या निळ्या लुगड्याची चिंधी म्हणजे नदी. ती जरा लांब निघाली. कापायला जीव होईना, म्हणून सरळ डोंगरावरून पलीकडं नेली.

चिंचोक्यांची फौज माझी, सीताफळाच्या बियांची शांताची. लगदा चोरला म्हणून भांडायला आलेली बाई खेळायला बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या नाक्याला वेढा घालून तो घेतला!

त्याच दुपारी दारात घोडं थांबलं. अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, आणि बरोबर दोन जवान.

"माधव किधर है?"

"मामाकडं!" आम्ही तिघं एका सुरात ओरडलो. इतक्या एका सुरात, की अमीनसाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"घर देखो," ते जवानांना म्हणाले.

क्षणभरात आतून हाक आली, "साब! नाके का नकशा!"

अमीनसाहेब आत आले आणि बाजेपाशी उभे राहिले.

"ये क्या है?"

"महालक्ष्म्यांची आरास," तात्या म्हणाले. (वैशाखात!)

"शाळेचं काम, हुजूर," मी म्हणालो.

"खेळ हाय," दाराआडून शांता म्हणाली.

"तीन आदमी, तीन जवाब!" अमीनसाहेबांनी छडीनं नाक्याची काडेपेटी उचलून पाहिली. "ये चिंचोके कौन?"

"मी, हुजूर."

"और ये बीज?"

"बायको."

"नाका कौन लिया?"

आता खोटं बोलून तरी काय उपयोग! "बायकोनं."

एका जवानानं खांद्यावरचा दोर काढला. तात्यांनी माझी बाही घट्ट धरली. एक मुलगा आधीच दूर गेलेला, आता दुसरा डोळ्यांदेखत चालला होता.

अमीनसाहेबांची छडी नदीवरून सरकू लागली. पायथ्याशी आली, डोंगर चढली, शेंड्यावर पोचली आणि थांबली.

"मास्टर, ये नदी पहाड पर चढी?"

"चिंधी लांब होती, हुजूर."

"मी तवाच म्हनलं व्हतं, साहेब!" शांताला दाराआड राहवेना. "नदी अशी वर जात न्हाई म्हनलं! पर ऐकत्यात कुठं!"

अमीनसाहेबांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुम मदरसे में क्या पढाते?"

मी तात्यांकडं पाहिलं, छताकडं पाहिलं.

"भूगोल."

मग अमीनसाहेब जे हसत सुटले! बाजेचा खूर धरून हसले. जवान हसले. आणि (हे मला फार लागलं) तात्याही हसले!

"दोर रखो," डोळे पुसत अमीनसाहेब म्हणाले. "इस नकशे पर हमला करनेवाला अपनेच घर को आके लगेगा! इस आदमी से सरकार को खतरा नहीं." दारात जाऊन ते वळले. "बच्चों को है."

माधवबद्दल पुन्हा विचारायचं ते विसरूनच गेले. टापांचा आवाज लांब गेल्यावर तात्या उंबऱ्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. मी जवळ गेलो तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं बाबा, तुला काई येत न्हाई ते!"

जवानांनी ती नदी गावभर केली. पुढं राज्य गेलं, माधव परत आला. गावानं त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. मी आपला शाळेत गेलो आणि फळ्यावर नदीची पहिली रेघ ओढली. तेवढ्यात मागून सबंध वर्ग ओरडला,

"गुरुजी, ही चढायलीय का उतरायलीय?"