मुलींना संगीत, मुलांना चित्रकला

मागच्या रविवारी फोनवर थोरलीने तिच्या हायस्कूलच्या विषयांची यादी मला वाचून दाखवली. मातीकाम, फोटोग्राफी, समूहगान, गिटार, नाटक. त्यांतले दोनच घेता येतात म्हणून ती तोंड पाडून बसली होती. धाकट्याने मध्येच विचारलं, "आजी, तू शिकवायचीस त्या शाळेत काय काय होतं?" मी म्हणाले, "चित्रकला आणि संगीत." मग चहा उतू जातोय असं सांगून मी फोन ठेवला.

चहा उतू जात नव्हता. पोरांनो, मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं इतकं सवयीचं होतं की जीभ जरासुद्धा अडखळली नाही. म्हणून आता खरं लिहिते. मला राग आलेला आहे आणि तो या पानांत दिसेल. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

आमच्या शाळेत चित्रकला आणि संगीत आहे ते कागदावर. वेळापत्रकात बुधवारचा पाचवा आणि शनिवारचा तिसरा तास "कला" असा लिहिलेला असतो. निकालपत्रकावर प्रत्येक मुलाला कलेची श्रेणी मिळते, आणि ती प्रत्येकाला "अ" मिळते. पेटी नाही, तबला नाही, रंगांची डबी नाही, शिकवणारं माणूस नाही. श्रेणी मात्र आहे. त्या तासाला गणित नाहीतर विज्ञान होतं. माझ्या काळात इंग्रजी व्हायचं. ते मीच घ्यायचे.

पूर्वी चित्रकलेचे एक सर होते. बाजारात त्यांच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि सुट्टीच्या दिवशी सर गल्ल्यावर बसलेले दिसायचे. शाळेत त्यांची एक खोली होती. तिच्यात मातीची मडकी, पितळी तांब्या, दोन फुटके कंदील आणि खिडकीला निळा पडदा. परीक्षा जवळ आल्या की माझा धडा उरलेला असायचा, आणि मी त्यांच्याकडे तास मागायला जायचे. ते हातातला ब्रश पाण्यात बुडवत म्हणायचे, "ले लो मॅडम. गणितवाले ले गये, सायन्सवाले ले गये, तुमी बी घ्या. आमचा काय, आमचा तर फोकटचा माल हाये." वर्गातली पोरं हसायची. मीही हसायचे आणि तास घेऊन निघून जायचे. ते निवृत्त झाले, पुढे वारलेही. त्यांची जागा भरली गेली नाही. मडकी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. त्या खोलीत आता तांदळाची पोती असतात.

गेल्या वर्षी मेडशीच्या रस्त्याकडच्या एका मळ्यातली मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. आठवीतली. तिचे वडील वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, असं लावतात आणि पहाटे बाजारात आणतात. मुलगी शाळा सुटली की माझ्या ओसरीवर बसायची आणि शेवटच्या बसने घरी जायची. इंग्रजीत ती बेताची होती. पण वहीच्या समासात मी जे पाहिलं, ते बेताचं नव्हतं. बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली बाई, वजनकाट्यावर वाकलेला माणूस. चार रेघांत माणसाचा थकवा दिसत होता.

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाई, मॅडम. बस येतच नाई लवकर, मंग काढत राह्यते."

तिला सरकारी चित्रकला परीक्षेला बसायचं होतं. ती परीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिली दिल्याशिवाय दुसरी देता येत नाही, आणि दुसरी झाली की दहावीत वाढीव गुण मिळतात. पण तिला गुणांपेक्षा वेगळं काही हवं होतं. तिला पुढे चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. पहिली परीक्षा आठवीत हुकली तर दुसरी नववीत देता येत नाही, आणि दहावीत तिच्या घरी कोणी तिला परीक्षेसाठी वाशीमला जाऊ देणार नव्हतं. तिचे वडीलच मला म्हणाले होते, "हे दोन साल तिचे, मॅडम. मंग तिची माय म्हणते, बस झालं." म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. फॉर्म शाळेतूनच भरावा लागतो.

ती ऑफिसात गेली आणि रडवेलं तोंड घेऊन परत आली. "मले म्हणते, तुले चित्रकला नाईच. तुले संगीत हाये."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सध्याचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. मला पाहून ते उठून उभे राहिले, चहा सांगितला. मी चहा नको म्हटलं.

"मॅडम, तिला संगीत आहे," ते म्हणाले. "सगळ्याच मुलींना संगीत आहे."

"संगीत कोण शिकवतं?"

"तासिका आहे ना, मॅडम."

"कोण शिकवतं, ते विचारलं."

"गणिताचे सर घेतात."

"गाणं?"

"गणित."

बाहेरच्या टेबलावरचा बाबू खाली मान घालून खोकला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मागच्या वर्षी तिला संगीतात अ दिलीत. काय म्हटलं तिने? कोणता राग?"

"सर्वांनाच अ देतो आपण. कायले कोणाचं नुकसान करायचं?" चिडले की ते घरच्या बोलीवर येतात. "आता यंदा तिले चित्रकला दाखवली तर तपासणीत विचारतील ना, मागच्या साली संगीत होतं, आता हे कुठून आलं? मी काय सांगू?"

मी म्हटलं, मुलींना संगीत आणि मुलांना चित्रकला ही अक्कल कोणाची? तेव्हा बाबू आत आला. त्याने कपाटातून एक जुनी जाड वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि अगदी आदराने म्हणाला, "तुमीच तर लावून दिलं होतं, मॅडम. आमी काईच नाई बदललं."

अक्षर माझं होतं.

मला आठवलं. अठरा वर्षं त्या शाळेचं वेळापत्रक मी केलं. माझ्या हातच्या तक्त्यांचं तपासणीला येणारे साहेबही कौतुक करायचे. एका वर्षी त्यांनी विचारलं, कोणत्या विद्यार्थ्याला कोणती कला आहे त्याची यादी कुठे आहे? अशी यादी नव्हती, कारण सर सगळ्यांनाच चित्र शिकवायचे. आमच्या हजेरीपटावर आधी मुलींची नावं असतात, मग मुलांची. मी पट्टी घेतली आणि मुली संपतात तिथे एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं संगीत, खाली चित्रकला. पाच मिनिटांत सगळ्या शाळेचं काम झालं. साहेब खूश. कोणत्याही मुलीला विचारलं नाही, कोणत्याही मुलाला विचारलं नाही. सर तरीही रेघेच्या वरच्यांना आणि खालच्यांना एकत्र बसवून शिकवत राहिले, म्हणून ती चूक कोणाला टोचली नाही. सर गेले आणि माझी रेघ मागे राहिली. वर्षानुवर्षं तीच वही पुढे ठेवून नवी वही भरली गेली.

पोरांनो, मी आयुष्यभर नीटनेटकेपणाला सद्गुण मानत आले. तुमच्या आईच्या वह्यांना मीच कव्हरं घालायचे. त्या दिवशी मला त्या स्वच्छ रेघेची किळस आली.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "तपासणीला सांगा, एका म्हातारीने चुकीची रेघ मारली होती."

ते म्हणाले, "लेखी द्याल?"

त्यांना वाटलं असावं, मी मागे हटेन. मी तिथेच बसून लिहून दिलं. विषयांची ही विभागणी विद्यार्थ्यांना न विचारता माझ्याकडून झाली होती, ती चुकीची होती, आणि संगीत हा विषय प्रत्यक्षात शिकवला गेलेला नाही. शेवटचं वाक्य त्यांना नको होतं. "मॅडम, हे राहू द्या ना. शाळा तुमचीबी आहे." मी ते खोडलं नाही. खूप वेळ आमचं तेच चाललं. शेवटी ते म्हणाले, "एकीचंच करतो. सगळ्या मुली आल्या तर माझी नोकरी जाईल."

आणि मी हो म्हटलं. हेही तुम्हाला सांगायला हवं. एकीचं नाव गेलं, याच्या आनंदात मी बाकीच्या मुली त्या रेघेच्या वर तशाच सोडून घरी आले.

मग शिकवायचं कोणी? मी तांब्या, वांगं आणि घडी घातलेला टॉवेल स्टुलावर मांडला. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण शिस्त कळते. घड्याळ लावून मी समोर बसायचे. एकदा तिला समजावं म्हणून मी स्वतः वांगं काढून दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे वांगं नाई वाटत. देठाले काटे असते. तुमी कधी तोडलं नाई काय?" मी पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर मी फक्त घड्याळ पाहिलं.

वस्तुचित्र आणि स्मरणचित्र तिने मनासारखं केलं. पण त्या परीक्षेत भूमिती आणि अक्षरलेखनाचाही पेपर असतो. त्याला ठरावीक पद्धत असते, ती कोणीतरी शिकवावी लागते. आम्ही दोघींनी एका जुन्या पुस्तकातून धडपड केली. वाशीमच्या केंद्रावरून आल्यावर ती म्हणाली, "आकृतीच समजली नाई मले. बाजूवाल्या पोरीच्या शाळेत सर हाये, तिनं भराभर काढली."

निकाल आला. सी.

तिचे वडील सकाळीच भाजीची पिशवी घेऊन आले. "सी म्हंजे पास ना, मॅडम?"

"पास."

"मंग तुमी काहून चिडून राह्यल्या? आमच्या घरात कोणी वाशीमले परीक्षेलेच नाई गेलं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चहा टाकला. ते खूश होते, मुलगी खूश होती, पुढच्या परीक्षेचा रस्ता मोकळा झाला होता. पण दोन दिवसांनी बँकेत मुख्याध्यापक भेटले आणि म्हणाले, "पाहा मॅडम, सीच आली शेवटी. एवढ्यासाठी आपण उगाच त्रास घेतला."

मी बँकेतल्या रांगेत उभी राहून मोठ्याने बोलले. तुमच्या आजोबांनी ते ऐकलं असतं तर मला खाली बसवलं असतं. मी म्हटलं, "न शिकवता तुम्ही तिला अ दिलीत. न शिकता तिने स्वतःच्या हाताने सी आणली. तुमच्या अ-ची किंमत काय आणि तिच्या सी-ची काय, ते तुम्हाला कळत नसेल तर माझ्या शिकवण्यातच खोट होती." लोक वळून पाहू लागले. ते म्हणाले, "मॅडम, बीपी वाढेल." मी म्हटलं, वाढू द्या.

यंदा जूनमध्ये मी नवीन वेळापत्रक बघायला गेले. वर मुली, संगीत. खाली मुलं, चित्रकला. एका मुलीच्या नावापुढे लाल शाईने छोटी खूण, बाकी सगळं जसंच्या तसं.

तेव्हापासून दर बुधवारी पाचव्या तासाला मी मळ्यातल्या त्या मुलीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसते. पहिल्या दिवशी गणिताचे सर दारात आले, मला पाहून थांबले. "मॅडम, सिलॅबस राह्यला हाये."

"राहू द्या. हा तास कलेचा आहे."

"पण शिकवणार कोण?"

मी बाकावरून उठले नाही. ते हातातला खडू खिशात टाकून गेले. मुलांनी, मुलींनी वह्यांची मागची पानं उघडली. कोणी झाड काढलं, कोणी मोटारसायकल. मागच्या कोपऱ्यातल्या दोघी हळू आवाजात गाणं म्हणू लागल्या. त्यांना कोणी गप्प केलं नाही, आणि त्या बऱ्या गातात हे मला तिथे बसल्यावर कळलं. मळ्यातली मुलगी उठून इतरांच्या वह्यांत वाकून बघू लागली. "हाताची बोटं आदी नोको काढू, आदी पंजा काढ," असं एका मुलाला सांगत होती.

हे छान आहे असं मला लिहू नका. गुडघे दुखणाऱ्या बाईने तासावर पहारा द्यावा, ही शाळेची व्यवस्था नव्हे. चौदा वर्षांच्या मुलीने शिक्षकाची जागा भरावी, हेही नव्हे. वर्गातल्या ज्या मुलींना चित्रकला हवी आहे, त्यांची नावं मी त्यांनाच विचारून लिहिली, ज्यांना गाणं हवं आहे त्यांचीही लिहिली, आणि मुलांचीही. यादी वेडीवाकडी झाली आहे, वर-खाली, बाण काढलेली. ती मी बाबूच्या हातात दिली आणि पोच मागितली. त्याने पोच दिली नाही. "साहेबांले विचारून सांगतो," म्हणाला.

फॉर्म भरायची तारीख लागेल. मळ्यातल्या मुलीचं नाव या वेळी दुसऱ्या परीक्षेला जाईलच, त्याला आता कोणी अडवू शकत नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही. उद्या बुधवार आहे. पोच मागायला मी चौथ्या तासालाच जाणार आहे.