सहीची दुरुस्ती

चित्र पुरं झालं तरी काका लगेच सही करायचे नाहीत. आधी कागद आमच्या ऑफिसातल्या शिपायापुढे धरायचे. हा शिपाई म्हणजे कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्याच्या ओठाचा कोपरा जरा हलला, की काका म्हणायचे, "हसला. मंग झालं," आणि सही करायचे. नाही हसला, तर कागद परत पिशवीत.

जालन्यातल्या एका छोट्या दैनिकात मी कॉम्प्युटरवर पानं लावते. काका त्या दैनिकाचे व्यंगचित्रकार. मी लागले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. पण जुन्या फायली चाळायचा मला नाद, त्यामुळे तरुण काका मला त्यांच्या सहीवरूनच कळले.

पहिल्या चित्रांवर सगळंच असायचं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली 'केदारखेडा'. तेव्हाचे संपादक म्हणाले म्हणे, अहो, मंत्र्याच्या डोक्यापेक्षा तुमची सही मोठी. काकांनी गाव गाळलं. गावाची लाज वाटते का, म्हणून वडील आठवडाभर बोलले नाहीत. पुढे वडिलांचं नाव गेलं, आडनावही गेलं. लग्नानंतर उरलं ते फक्त नावाचं पहिलं अक्षर आणि त्याखाली एक ठसठशीत रेघ.

एकदा एका पुढाऱ्याचं पोट जरा जास्तच सुटलेलं काढलं, तर त्याची माणसं ऑफिसात येऊन दम देऊन गेली. दुसऱ्या दिवशी काकांची सही दुप्पट मोठी. "त्याहिला शोधायला तरास नको," म्हणाले.

मग त्यांचा हात थरथरू लागला. चित्रात ते खपून जायचं, उलट माणसं जास्त खरी वाटायची. पण सही पडली एका अक्षराची, ती लपणार कुठे? आताचे संपादक एकदा म्हणाले, ही सही बघून लोकांना वाटेल म्हातारा संपला. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आपणच झाकावं. कुणालाही न विचारता मी जुन्या फायलीतली एक देखणी सही उचलली आणि थरथरत्या सहीच्या जागी चिकटवली. नको तिथे शहाणपणा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी काका गावाकडून सकाळच्या पहिल्याच एसटीनं आले. हातात पेपरची घडी होती.

"ही सही कुणाची?"

"तुमचीच की," संपादक म्हणाले.

"माझी न्हाई. हिच्याखाली रेघ हाये." मग खुर्चीत टेकून सावकाश म्हणाले, "लग्न झालं तव्हा आमची ही म्हणली, तुमचं अक्षर नुसतं लटकून राह्यलंय, त्याला बसायला काहीतरी द्या. म्हणून रेघ. ती गेली त्या दिवसापासून म्या रेघ मारली न्हाई."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं ती सही माझ्या हाताखालून जात होती, आणि रेघ गेल्याचं मला दिसलं नव्हतं.

काकांना दोन ओळींची दुरुस्ती छापून हवी होती: कालची सही चित्रकाराची नव्हती. संपादक म्हणाले, बाजारभाव चुकला तर दुरुस्ती देतात, सहीची कोण देतं? लोक हसतील.

"हसू द्या. जल्मभर तेच तर करत आलो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, पान तुम्ही लावता. कसं झालं असंल हे?"

"मशीनमध्ये जुनं काहीतरी राहिलं असेल, काका," मी म्हणाले.

त्यांनी पेपरची घडी पिशवीत सरकवली. "बराबर हाये. मशीनला काय कळतंय," एवढं बोलून जिना उतरून गेले.

दुरुस्ती छापली गेली नाही. काका चित्रं आणत राहिले, पण सही बंद. कागद माझ्या टेबलावर ठेवायचे, कोपरा कोरा. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, राहू द्या, आता त्याच्यावाचून अडून काय राह्यलंय. त्यांना सगळं कळलं होतं, याची मला तेव्हाच खात्री पटली. तरी माझं तोंड उघडलं नाही. ते आजारी पडले तेव्हा मी दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मागे फिरले. भित्री ती भित्रीच. मागच्या हिवाळ्यात काका गेले. त्यांची शेवटची सगळी चित्रं बिनसहीची आहेत.

वाचकहो, रस्त्यावरच्या खड्ड्यात गळ टाकून बसलेला म्हातारा तुमच्यापैकी कुणीतरी नक्की कापून ठेवला असेल. तेच ते चित्र. चित्र काकांचं आहे. त्यावरची सही मी चिकटवली, आणि मशीनचं नाव सांगून त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, तेही मीच. काकू गेल्यावर काकांनी सहीखाली रेघ कधीच मारली नाही. कात्रण तुमच्याकडे असेल, तर एवढं करा. ती रेघ खोडून टाका.