भिंतीला टेकवलेली पाठ

म्हातारी अजून तेच घेऊन बसलीय, असं घरातली पोरं म्हणतात. होय, बसलीय! माझ्या नवऱ्याला पाठीत गोळी घातली आणि सरकारनं छातीत लिहिलं. ते खोडेपर्यंत मी बसणारच.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. हे शाळामास्तर होते, नोकरी सोडून चळवळीत पडले. आसपासच्या गावांत यांचा शब्द चालायचा आणि नेमकं तेच वरच्यांच्या डोळ्यांत सलत होतं. सोनपेठच्या बाजाराहून पायी येताना भरदुपारी, गावाजवळच्या ओढ्यापाशी यांना मारलं. शेतातल्या गड्यांनी बाजेवर घालून घरी आणलं.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत आंघोळ घालून मांडी घालून बसवायचं, भस्म लावायचं, हातात इष्टलिंग द्यायचं आणि तसंच बसलेलं मातीत ठेवायचं. सासूबाईंना भोवळ आली होती, म्हणून यांची पाठ मी धुतली. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली करंगळीचं टोक जाईल एवढं भोक होतं. पुढं छातीवर मात्र मूठभर मांस फाटलेलं. मला बंदुकीतलं काय कळतंय? पण माहेरच्या शिवारात गोळी घातलेलं रानडुक्कर मी बघितलं होतं. गोळी शिरते तिथं बारीक, निघते तिथं मोठं, एवढं मलाही ठाऊक होतं.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लेकाला भिंतीला टेकवून बसवलं. अंगभर भस्म, गळ्यात हार. जंगमस्वामी येऊन विधी करून गेले. पोलिसांचा अमीन उगवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला आणि हार बाजूला करायला सांगून म्हणाला, "छातीत लागलीय." कारकून उर्दूत लिहायला लागला.

मी दाराआडून म्हणाले, "मामंजी, पाठ दाखवा की त्यास्नी!"

"गप ऱ्हा. बसवल्याल्या माणसाला हलवायचं न्हाई," मामंजी म्हणाले.

मी गप्प राहिले. एकोणीस वर्षांची होते, डोक्यावर पदर होता, पण जीभ तर होती ना तोंडात? त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो. पाच पंचांनी कागदावर अंगठे उठवले. पाचातल्या एकालाही उर्दू वाचता येत नव्हतं. एकानंही विचारलं नाही, की बाबा, त्यात लिहिलंय काय.

लिहिलं होतं ते पुढं नक्कल मिळाल्यावर मला गंगाखेडच्या एका मुन्शीनं वाचून दाखवलं. मयत लाठी घेऊन अंगावर धावला, म्हणून समोरून गोळी झाडावी लागली. मारणारा, नामालूम. अरे वा रे वा! मारणाराच माहीत नाही, तर हे लाठी घेऊन धावले हे सांगितलं कुणी? नामालूम येऊन बयान देऊन गेला की काय? आणि लाठी कुठली? यांच्या हातात पोरांसाठी घेतलेल्या पाट्यांचं गाठोडं होतं.

निजाम गेला. गावात पेढे वाटले. मला वाटलं, आता आपलं राज्य आलं, आता तरी कुणी नीट विचारील. एक नवा साहेब आला, मराठी बोलणारा. मी त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, अंगातला सदरा कुठाय?" सदरा अमीनानं नेला होता. दफ्तरात तो सापडला नाही. "मग समाधी उघडावी लागेल. घरच्यांची हरकत?"

मी म्हणाले, "उघडा." मामंजींनी हात जोडले. "सायेब, लिंगैक्य झाल्याला माणूस उकरू नका. पाया पडतो."

साहेबानं एवढा मोठा श्वास सोडला की मला तिथंच कळलं, ह्यालाही उघडायची नव्हतीच. चार दिवसांनी माझा जबाब सहीला आला. मराठीत होता, म्हणून मला वाचता आला. 'गोळी छातीत लागल्याचे पूर्वीच्या पंचनाम्यावरून दिसते.' मी कागद परत ढकलला. सही करायला मला यांनी शिकवलं होतं, ते असल्या कागदासाठी नव्हे.

त्यानंतर अकरा वर्षं मी मामंजींना दोन वेळा वाढलं, त्यांचं सगळं केलं, पण एक शब्द बोलले नाही. तेही बोलले नाहीत. अखेरच्या दुखण्यात एक दिवस त्यांनी माझं मनगट धरलं.

"सूनबाई, मला भिंतीला टेकवू नगंस."

मी "बरं" म्हणाले.

ते गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यांना कुणी टेकवायचं नाही. दोन पुतण्यांनी दोन्हीकडून धरून मामंजींना ओसरीच्या मधोमध बसवलं. गाव दर्शनाला आलं आणि जो तो मागं जाऊन ती पाठ बघायला लागला. म्हाताऱ्याची साधी, सुरकुतलेली पाठ. एक ओरखडासुद्धा नव्हता. बघणाऱ्यांत त्या पाच पंचांपैकी जिवंत राहिलेले तिघं होते, माना खाली घालून सरकायला लागलेले.

"थांबा," मी म्हणाले. "आता नीट बघा, मेल्यांनो! तेव्हा बघितली नाहीत ना!"